परड्यातल्या तळ्यावर चिलटं झालीत? फवारा ठेवा बाजूला, आधी ताटली घ्या

आमचं तळं तसं छोटंच, दहा बाय सहा फूट, दोन फूट खोल, खानापूरकडनं आणलेल्या चिऱ्यानं बांधलेलं, त्यात चार कमळं आणि सहा गोल्डफिश. गेल्या वर्षी जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि दोन-तीन दिवसांत संध्याकाळी सहा-साडेसहाला तळ्यावर चिलटांचा खांब उभा राहायला लागला, खरंच खांब, माणसाच्या उंचीचा, वाऱ्यानं हलायचा पण मोडायचा नाही. दोरीवरचे कपडे काढायला गेलं की नाकातोंडात. शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरनं विचारलंच, "काय गा, डास पाळूलालास काय तळ्यात?"

मग मी पण सगळ्यांसारखंच केलं, स्प्रे आणला, धुरी केली, दोनशे रुपयांची बॅट आणली, आज मारली की उद्या तेवढीच परत हजर. उडणारं चिलट मारून काय होत नाही हो, ते तसंही दोन-चार दिवसच जगतं, खाली पुढची बॅच तयारच असते. बंदोबस्त करायचा तो अळीचा, आणि अळी कुठं आहे ते कळायला आधी चिलट कुठलं ते ओळखायला लागतं.

१. ओळख पटवा

खांब करून उडणारी, चावत नाहीत, सकाळी लाईटखाली मरून पडलेली असतात, ती मिज जातीची चिलटं. दिसायला अगदी डासासारखी पण सोंड नसते, आणि तो खांब म्हणजे बहुतेक सगळे नर असतात, माद्यांची वाट बघत. ह्यांच्या अळ्या तळाच्या गाळात. जी पाण्यापेक्षा कुंड्यांजवळ जास्त दिसतात, काळी, बारीक, मातीवर पळाल्यासारखी करतात, ती ओल्या मातीतली चिलटं, तळ्याचा आणि त्यांचा काय संबंध नाही. आणि चावली तर बहुतेक डासच. बाथरूममधली केसाळ पंखांची असतील तर ती गटारीची, त्यासाठी जाळी घासा, तळ्याला दोष देऊ नका.

२. ताटलीची परीक्षा

ही मला फार उशिरा सुचली. जुनी पांढरी ताटली घ्या, तळ्याच्या तळातनं मगभर गाळ काढून त्यात ओता, थोडं पाणी घाला आणि पाच मिनिटं हलवू नका. आमच्या ताटलीत आधी नुसता काळा चिखल दिसला, मग त्यातनं लाल दोऱ्यासारखं काहीतरी वळवळलं, मग दुसरं, मग मोजायचं सोडलं. ह्या मिजच्या अळ्या, रक्तासारख्या लाल कारण त्यांच्यात खरंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळं हवा कमी असलेल्या गाळात पण त्या आरामात जगतात. म्हणजे लाल अळ्या खूप असतील तर समजायचं, तळ्यात कुजका गाळ जास्त झालाय.

वरच्या पाण्यात डोकं खाली करून तिरक्या लटकणाऱ्या, हात लावला की वळवळत खाली जाणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या डासाच्या. पाण्याला समांतर पडलेल्या दिसल्या तर मलेरियावाला ॲनाफिलिस, मग आळस करू नका.

कुंड्यांसाठी बटाटा. कापलेली फोड मातीवर पालथी ठेवायची, दोन-तीन दिवसांनी उचलून बघायची, खाली काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. आमच्या सोळा कुंड्यांपैकी नऊमध्ये निघाल्या, म्हणजे अर्धी चिलटं तर कुंड्यातलीच होती आणि शिव्या खात होतं तळं.

३. गाळ काढा, पण सगळा नको

गाळ येतो कुठनं तर आंब्या-चिंचेची पानं आणि आपण प्रेमानं टाकलेलं माशांचं खाणं. आमच्या घरात तिघं जण तिन्ही वेळा खाणं टाकत होते, एकमेकांना न सांगता! उरलेलं सगळं खाली जाऊन कुजत होतं आणि अळ्यांची मेजवानी. आता एकदाच, आणि मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच.

गाळ बादलीनं किंवा पाईपनं ओढून काढा, पाणी एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त बदलू नका, आणि नळाचं पाणी डायरेक्ट सोडू नका, एक दिवस बॅरलमध्ये उघडं ठेवून मग ओता, क्लोरिन माशांना सोसत नाही. काढलेला गाळ तळ्याच्या काठावरच तास-दोन तास पसरून ठेवा, त्यातली बेडकाची पिल्लं, चतुराच्या अळ्या उचलून परत पाण्यात सोडा. चतुराची अळी दिसायला भयानक, कोळ्यासारखी, पण ती डासांच्या अळ्या खाते, आमच्या पोरानं पहिल्यांदा बघितली तेव्हा चप्पल उचलली होती. मग तो गाळ केळीच्या बुडात.

४. पाणी हलतं ठेवा

डासाला अंडी घालायला शांत पाणी लागतं. छोटा पंप आणि कारंजं लावलं की पृष्ठभाग हलता राहतो, शिवाय हवा खाली जाते आणि गाळ कमी कुजतो. संध्याकाळी आणि रात्री तरी चालू पाहिजेच, पाहुणे आल्यावर दहा मिनिटं लावून काय उपयोग नाही.

५. मासे

गप्पी पाण्याच्या वरच्या थरात फिरतात, त्यांचं तोंडच वरच्या बाजूला असतं, डासाच्या अळ्यांना एक नंबर. पण गाळातल्या लाल अळ्यांपर्यंत त्या जात नाहीत, त्याला गोल्डफिश किंवा कोई लागतात, तळ उकरणारे. त्यांना खाणं कमी टाकलं की ते आपोआप कामाला लागतात. गप्पी आरोग्य केंद्रात मिळतात का विचारा. पंधरा-वीस बास होतात, त्या अंडी न घालता पिल्लंच देतात, तीन महिन्यांत तुम्हीच वाटत फिराल. फक्त जास्त झाल्या म्हणून मार्कंडेय नदीत किंवा गावतळ्यात सोडू नका, त्या इथल्या नाहीत, इथल्या माशांना त्रास.

६. तरी राहिली तर बीटीआय

हे एक जिवाणू असलेलं औषध, १९७६ साली इस्रायलमध्ये सापडलेलं. अळीनं ते खाल्लं की तिचं पोट फाटतं, मासे, बेडूक, मधमाशा, कुत्रं-मांजर ह्यांना काय होत नाही. शेती औषधाच्या दुकानात मागताना नीट बघा, मला पहिल्यांदा पिकावरच्या सुरवंटाचं बीटी दिलं होतं, डब्यावर कुर्स्टाकी लिहिलेलं, त्यानं डास मरत नाहीत. इस्रायलेन्सिस असंच पाहिजे. प्रमाण लेबलवर असतं तेवढंच. कोष झालेली अळी खातच नाही त्यामुळं एका डोसात सगळं संपत नाही, आठ-दहा दिवसांनी परत द्यायला लागतं. मिजवर ते डासाइतकं चालत नाही, तिथं गाळ काढणंच खरं. कुंड्यांच्या पाण्यात मात्र घाला, आणि वरची दोन इंच माती वाळू द्या मग पाणी. कुंडीशेजारी पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून उभा करा, उडणारी त्यालाच चिकटतात.

रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी नको

रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतायला सांगणारे भेटतातच, मासे तर जातात आणि जवळ आड असेल तर त्यातही उतरतं. निपाणीकडनं तंबाखू आणून उकळून टाकायचा सल्ला पण मिळाला होता, निकोटिन माशांना विषच.

संध्याकाळपुरतं

तळ्याजवळचा पांढरा लाईट काढून पिवळा लावा किंवा सहा ते आठ बंदच ठेवा. बसायला जायचं तर टेबलफॅन घेऊन जा, चिलट फार अशक्त उडतं, साध्या वाऱ्यात पण टिकत नाही. आणि बॅरल, कूलर, कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातनं एकदा ओतून नुसत्या वाळवू नका, आतनं घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहतात आणि पाणी आलं की फुटतात.

आमच्याकडं गाळ काढल्यावर तीन आठवड्यांनी तो खांब गुडघ्याएवढा झाला. काकूंनी परवा गप्पी मागून नेल्या, त्यांच्या हौदात टाकायला.