मिनिडेक्स्डच्या फाइली हाताने बदलताना

सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर चालणारा मिनिडेक्स्ड हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर आहे. १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स-७ या सिंथेसायझरचे आवाज तो काढतो आणि भावगीतांच्या कार्यक्रमांत मी तोच वाजवतो. त्याची सेटिंग एसडी कार्डावरच्या दोन साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. मिनिडेक्स्ड डॉट आयएनआय ही यंत्राची, परफॉर्मन्स डॉट आयएनआय ही आवाजांची. खालची नावं मी देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता असतात.

यंत्र बंद करून कार्ड काढा आणि लॅपटॉपला लावल्यावर आधी अख्खं कार्ड एका फोल्डरमध्ये कॉपी करा, नावात तारीख घाला. मगच फाइल उघडा. नोटपॅड चालेल, वर्ड अजिबात नको.

फाइलचं नाव मात्र नीट तपासा. गेल्या गणपतीत कार्यक्रमाच्या तासभर आधी माझा छोटा स्क्रीन काळाच राहिला आणि पायला जोडलेल्या डॅकमधून (आवाज बाहेर काढणाऱ्या वेगळ्या बोर्डातून) मिक्सरवर आवाजच येईना. वायरी हलवून पाहिल्या, पॉवर बदलली, काही नाही. सहज पायच्या हेडफोन जॅकला इयरफोन लावला तर आवाज तिथून येत होता! तेव्हा उलगडा झाला. घाईत 'सेव्ह अॅज' केलं होतं आणि मिनिडेक्स्ड डॉट आयएनआयच्या नावाच्या शेवटी डॉट टीएक्सटी चिकटलं होतं. विंडोज ते दाखवत नाही, म्हणून दिसलं नव्हतं. फाइल सापडली नाही की यंत्र मूळ सेटिंगवर जातं: स्क्रीन बंद, आवाज जॅकमधून. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की वायरींना हात लावू नका, नाव बघा. फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये फाइलची एक्स्टेन्शन दिसतील असं कायमचं करून ठेवा.

जॅकच्या आवाजात खरखर असते. म्हणूनच मी तपकीर गल्लीतून पीसीएम-५१०२ चा तो डॅक आणला होता, जोडला होता आणि यंत्राच्या फाइलीत 'साउंडडिव्हाइस' पुढे पीडब्ल्यूएमच्या (म्हणजे जॅकच्या) जागी आय-टू-एस (म्हणजे डॅक) लिहिलं होतं. बदल एका शब्दाचा, पण घंटीसारख्या पियानोचा शेवट विरताना फरक लगेच कानाला कळतो. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असेल तर यंत्र ती ओळ वाचत नाही, हेही पाहून घ्या.

आता आवाजांची फाइल. इथे प्रत्येक नावाच्या शेवटी टोन जनरेटरचा, म्हणजे एकेक आवाज वाजवणाऱ्या भागाचा, आकडा असतो. मला डाव्या हाताला स्ट्रिंग्ज आणि उजव्या हाताला पियानो लागतो. म्हणून पहिल्यावर स्ट्रिंग्ज, दुसऱ्यावर पियानो घेतो, दोन्ही एकाच कीबोर्डवरून वाजावेत म्हणून 'मिडीचॅनल१' आणि 'मिडीचॅनल२' दोन्ही १ ठेवतो, 'नोटलिमिटहाय१' ला ५९ आणि 'नोटलिमिटलो२' ला ६० देतो. ६० म्हणजे मधला सी. आवाज निवडताना बँक (आवाजांचा संच) शून्यापासून मोजली जाते आणि व्हॉइस (त्यातला एक आवाज) एकपासून. इथे बरेच जण एका घराने चुकतात.

आमच्या गायिकाबाई काळी दोनमध्ये गातात, माझी बोटं पांढरी एकला सरावलेली. काळी दोन ही पांढरी एकच्या वर, काळ्या-पांढऱ्या मिळून तिसरी पट्टी. मग 'नोटशिफ्ट१' आणि 'नोटशिफ्ट२' दोन्हीकडे ३ लिहायचे. एकच बदललात तर डावा हात एका सुरात आणि उजवा दुसऱ्यात वाजेल. हात जिथे विभागले आहेत ती जागा यामुळे सरकत नाही, कारण मर्यादा दाबलेल्या पट्टीवर लागते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सेव्ह करा, कार्ड 'इजेक्ट' करूनच काढा, यंत्रात घाला. सुरू झालं की मधल्या सी ची पट्टी आणि तिच्या लगेच डावीकडची पट्टी आळीपाळीने दाबा. एकीकडून पियानो, दुसरीकडून स्ट्रिंग्ज आल्या आणि पेटीच्या काळी दोनशी सूर जुळला की कार्ड परत लॅपटॉपला लावून त्याची नवी कॉपी करून ठेवा.