एका सेलची खिशातली बॅटरी: घेताना आणि तपासताना या चुका टाळा

आमच्या गावाकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतात तो सेल. इथंही तसंच लिहितो, कारण दुकानात गेल्यावर तुम्ही हेच शब्द वापरणार. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीनं येते आणि काही पाळ्या रात्रीच्याच असतात. दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत फावडं असतं आणि बॅटरी दातात, खिशात नाहीतर टोपीला खोचलेली. अशा वेळी एकाच पेन्सिल सेलवर चालणारी बोटाएवढी बॅटरी फार उपयोगी पडते. तिचं ओझं होत नाही, सेल कुठल्याही टपरीवर मिळतो, आणि एकच सेल असल्यामुळे नवा-जुना एकत्र घातल्याचा घोटाळा होत नाही. पण स्वस्तातली बॅटरी पारखताना त्याच त्या चुका होताना दिसतात.

खोक्यावरच्या लुमेनवर विश्वास ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक. लुमेन म्हणजे बॅटरीतून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. मागं आठवडे बाजारातून '१००० लुमेन' छापलेली एक छोटी बॅटरी घेतली होती, पेन्सिल सेलवरची. एवढ्या सेलमधून हजार लुमेन निघणं शक्य नाही, आणि ते कळायला उपकरण लागत नाही. साधा गुणाकार पुरतो.

चांगला चार्जिंगचा पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा असतो आणि त्यात साधारण २००० मिलिअँपिअर-तास मावतात. म्हणजे झाले २.४ वॉट-तास. पांढऱ्या एलईडीला लागतात ३ व्होल्टच्या आसपास, म्हणून आत व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं, आणि तेही आपला वाटा खातं. सगळं धरून १०० लुमेन उजेडासाठी सेलमधून सव्वा वॉटच्या आसपास, म्हणजे जवळपास १ अँपिअर करंट जातो. या हिशेबानं सेल दोन तासांत संपला. हजार लुमेनसाठी १० अँपिअर लागतील, आणि तेवढा करंट हा सेल टिकवून देऊच शकत नाही. म्हणून एका पेन्सिल सेलच्या बॅटरीवर ८० ते १५० लुमेन लिहिलेले असतील तर ते पटण्यासारखं आहे. त्याच्या कितीतरी पट आकडा दिसला की बाकीचे आकडेही त्याच हातानं लिहिलेत असं समजा.

लिथियम सेलच्या बॅटऱ्यांनाही हीच पारख लावा. त्यांतल्या एका नेहमीच्या सेलचं नाव १८६५०, आणि ते नाव म्हणजे त्याचं माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापाच्या अस्सल सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास थांबते. वेष्टनावर ९९०० लिहिलेलं असेल तर तो जागेवर ठेवा. तराजू असेल तर वजनही करा, कारण अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास किंवा थोडा वर भरतो आणि खोटा बऱ्याचदा हलका लागतो.

मापात बसतो म्हणून सेल घालणं

१४५०० नावाचा लिथियम सेल पेन्सिल सेलएवढाच असतो आणि त्याच नळीत बसतो. पण तो ३.७ व्होल्टचा आहे आणि पूर्ण भरल्यावर ४.२ पर्यंत जातो. बॅटरी फक्त १.५ व्होल्टसाठी बनवलेली असेल तर एका क्षणात सर्किट नाहीतर एलईडी जळून जातो. 'दोन्ही सेल चालतात' असं माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असेल तरच घाला. दुकानदाराच्या तोंडी 'चालतंय हो' वर जाऊ नका.

दुकानाच्या भिंतीवर झोत मारून पसंत करणं

ट्यूबलाइटच्या उजेडात, चार फुटांवरच्या भिंतीवर जो झोत डोळ्यांत भरतो तो शेतात कामाचा असेलच असं नाही. भिंग पुढं-मागं सरकवून झोत लहान-मोठा करायच्या बॅटऱ्या अशा ठिकाणी पटकन खपतात. झोत आवळला की भिंतीवर एलईडीचा चौकोनच उमटतो, दिसायला जोरदार. मात्र भिंग पुढं नेताना बराच उजेड डोक्याच्या आतच मरतो, आणि सरकणारं डोकं असल्यामुळे पावसाचं पाणी आत शिरायला वाट मिळते. पायाखाली बघायला आणि बांधावरून चालायला पसरट उजेड लागतो. रिफ्लेक्टरची साधी बॅटरी, मधे ठिपका आणि भोवती मंद उजेड, इथं कितीतरी बरी.

उजेडाच्या रंगाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते हेच. स्वस्त एलईडी निळसर पांढरा उजेड देतात, साडेसहा हजार केल्विन किंवा त्याच्याही वर (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). त्यात लाल आणि तपकिरी रंग विटतात. वाळलेला पाला, ढेकळं आणि त्यांत बसलेली घोणस असं सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसायला लागतं. ४००० ते ५००० केल्विनचा आणि रंग नीट दाखवणारा एलईडी मिळाला तर थोडे लुमेन कमी असले तरी घ्या. खोक्यावर 'सीआरआय ९०' लिहिलेलं असतं ते याचसाठी: त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते १०० पैकी माप. साध्या एलईडीचा हा आकडा ७० च्या आसपास असतो. पारख सोपी आहे: अंधारात आपल्याच तळहातावर झोत टाका. हात मेलेल्यासारखा फिकट दिसला तर ती बॅटरी रात्रीच्या चालण्यासाठी नको.

अंतर आणि तासांचे आकडे जसेच्या तसे धरणं

बॅटऱ्यांसाठी २००९ सालापासून अमेरिकेचं 'एएनएसआय एफएल १' हे मानक आहे. चांगल्या कंपन्या त्यानुसार आकडे देतात, पण त्या आकड्यांचा अर्थ माहीत हवा. '१०० मीटर' म्हणजे तिथं ०.२५ लक्स (लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पोचतो, पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. त्यात दगड आहे की कुत्रं एवढंच कळेल. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून ५० मीटरवर १ लक्स. कामाचं अंतर छापलेल्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी धरा. चालण्याचे तासही उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजलेले असतात. 'चार तास' वाचून चार तास लख्ख उजेड मिळेल असं समजू नका.

सेल न बघता बॅटरीला नावं ठेवणं

टपरीवरचा स्वस्त सेल बहुधा झिंक-कार्बनचा असतो. घड्याळाला, रिमोटला तो उत्तम. १ अँपिअर ओढलं की मात्र तो लगेच दमतो. अल्कलाइनही एवढ्या ओढीला आपल्या क्षमतेच्या निम्म्याएवढंसुद्धा देत नाही. चार्जिंगचा निकेल सेल आकड्यानं १.२ व्होल्टचाच, पण ओढ लागली तरी तो व्होल्टेज धरून ठेवतो. पडून राहिला तरी फारसा चार्ज न सोडणारे असे सेल सान्यो कंपनीनं २००५ मध्ये 'एनेलूप' नावानं आणले, आणि आता इतरांचेही मिळतात. बॅटरी तपासायची तर अशाच भरलेल्या सेलवर तपासा.

तपासणी घरीच होते. रात्री न्हाणीघरात बॅटरी छताकडे तोंड करून उभी ठेवा आणि मोबाइल तिच्या शेजारी एकाच जागी ठेवून लक्स मोजणारं अ‍ॅप लावा. त्यातला आकडा खरा लुमेन सांगत नाही, पण आधीचा आणि नंतरचा उजेड ताडायला पुरतो. पहिला आकडा चालू केल्याबरोबर घेऊ नका, अर्ध्या मिनिटानं घ्या. मग दर १० मिनिटांनी लिहून ठेवा. माझ्या त्या 'हजार' लुमेनवालीचा उजेड पाऊण तासात निम्म्याखाली आला होता.

बिघडली म्हणून टाकून देणं

न पेटणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये एलईडी गेलेला क्वचितच असतो. आधी सेल बदलून बघा. मग मागचं टोपण काढा आणि नळीची उघडी कड, आटे आणि स्प्रिंग स्वच्छ कापडानं पुसा. पेटली नाही तर सेल आत राहू द्या आणि सेफ्टी पिनचं एक टोक सेलच्या बुडाला, दुसरं नळीच्या उघड्या कडेला टेकवा. पेटली तर दोष टोपणातल्या बटणात आहे. टोपणात डोकावलं की दोन खाचांची एक कडी दिसते. ती सैल झाली की बॅटरी लुकलुकते किंवा बंद पडते. चिमट्याची टोकं खाचांत घालून ती आवळा. निम्म्याअधिक तक्रारी इथंच संपतात, असा माझा अनुभव.

मंद उजेडात हात हलवल्यावर बोटं तुटक दिसली तर तो लूज कॉन्टॅक्ट नाही. उजेड कमी करण्यासाठी सर्किट एलईडीला भराभर चालू-बंद करतं, म्हणून तसं दिसतं. काही मिनिटांनी उजेड आपोआप उतरतो, तोही बऱ्याच बॅटऱ्यांत उष्णता आवरण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो.

सेलला पाणी सुटलं असेल तर आधी सेल कुठला ते बघा, कारण उपाय वेगळे आहेत. अल्कलाइनचा पांढरा क्षार व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाच्या बोळ्यानं निघतो. साध्या झिंक-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी असतो, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी लावावं. हातमोजे घाला, डोळ्यांना लागू देऊ नका, आणि शेवटी सगळं कोरडं करा.

पावसाळा संपला की सेल बाहेर काढून ठेवा. आट्यांजवळचं रबरी कडं बोटानं चाचपा. ते कोरडं पडलं असेल तर सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका चोळा. चिरलं असेल तर त्याच मापाचं नवं घाला, नाहीतर पुढच्या जूनमध्ये पाणी तिथूनच आत येईल.