न्यू जर्सीतले पहिले मत: सिटिझनशिपनंतरची तयारी

आधी खात्री करा ती शपथ झाल्याची. मुलाखत पास झाली, पत्र आले, तरी ओथ होईपर्यंत तुम्ही नागरिक नाही, आणि नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणे या देशात फार महागात पडते. ग्रीन कार्डवाल्यांनी आणि एच-वन-बीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. लायसन्स काढताना किंवा रिन्यू करताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो, घाईत ‘हो’ म्हटले जाते, आणि पुढे सिटिझनशिपच्या अर्जात ‘कधी मतदार नोंदणी केली होती का?’ असे विचारले की वकिलाकडे धावाधाव सुरू होते.

शपथ झाली की नोंदणी. लायसन्सचा नंबर, तो नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे जवळ ठेवा. ऑनलाइनही होते. मुदत मतदानाच्या 21 दिवस आधी संपते, मग कितीही गयावया केली तरी त्या खेपेला मत नाही. इथे आपल्याकडच्यासारखा देशभराचा एक निवडणूक आयोग नसतो. वॉशिंग्टनमधले फेडरल इलेक्शन कमिशन प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवते, मतदान घेत नाही. नियम राज्याचे, अंमल काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचा. त्यामुळे टेक्सासमधल्या भावाने किंवा कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीने सांगितलेली तारीख तुमच्या कामाची नाही.

नाव लायसन्सवर आहे तसेच लिहा. आपल्या नावांत मधे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, ते कुठे पूर्ण, कुठे आद्याक्षर, कुठे गायबच. आणि सही: आयुष्यभर मराठीत सही केली असेल तर मराठीतच करा, पण मग ती सगळीकडे तशीच हवी. मतदान केंद्रावर आणि टपाली मतपत्रिकेवर ओळख पटते ती प्रामुख्याने सहीवरून.

आता कपाटातून प्रॉपर्टी टॅक्सचे बिल काढा. सरकार किती थरांचे आहे हे समजायला याहून सोपा कागद नाही. त्यात टाउनशिपचा वाटा, काउंटीचा वाटा आणि शाळेचा वाटा वेगवेगळा छापलेला असतो, आणि बहुतेक गावांत शाळेचा आकडा सर्वांत मोठा दिसतो. हे तिन्ही खर्च ठरवणारी माणसे मतपत्रिकेवर असतात. एडिसन या टाउनशिपचे, म्हणजे गावाचे, उदाहरण घ्या. मेयर आणि टाउनशिप कौन्सिल कचरा, पोलीस, बांधकामाच्या परवानग्या बघतात. त्यांच्यावर मिडलसेक्स काउंटी, तिचे सात कमिशनर, शिवाय निवडून आलेला शेरीफ आणि काउंटी क्लर्क. स्कूल बोर्ड यांच्यापैकी कोणाच्याच हाताखाली नाही, ते स्वतंत्र निवडून येते. त्याच्या उमेदवारांपुढे पक्षाचे नाव नसते आणि सदस्यांना पगारही नसतो. मुलाच्या शाळेबद्दल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री बारापर्यंत भांडणारे पालक मतपत्रिकेतला तो भाग कोरा सोडून येतात, याचे मला दरवेळी नवल वाटते. घरीच त्या नावांची माहिती काढा, तिघे निवडायचे असतील तर तीन नावे चिठ्ठीवर लिहून न्या.

त्यावर राज्य. गव्हर्नर आणि राजधानी ट्रेंटनमधले राज्याचे विधिमंडळ विषम वर्षांत निवडले जाते. 40 मतदारसंघ, प्रत्येकातून राज्याचा एक सेनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. सम वर्षांत वॉशिंग्टनची पाळी: हाउसच्या (आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाच्या) 435 जागा दर दोन वर्षांनी, वॉशिंग्टनच्या सेनेटरची मुदत सहा वर्षे, राष्ट्राध्यक्षाची चार. म्हणजे न्यू जर्सीत बिननिवडणुकीचा नोव्हेंबर नाही. मतपत्रिकेच्या शेवटी कधी कधी जनतेला विचारलेला थेट प्रश्न असतो. गांजा कायदेशीर करायचा की नाही हे 2020 साली इथल्या मतदारांनी असेच ठरवले. प्रश्नाची भाषा वकिली असते, म्हणून घरी येणारे सॅम्पल बॅलट, म्हणजे नमुना मतपत्रिका, रद्दीत टाकू नका. त्यावर केंद्राचा पत्ताही असतो.

पक्षाचे काय, हा प्रश्न जूनच्या आत सोडवायचा, कारण खरी लढत बऱ्याच ठिकाणी जूनमध्येच होते. इथे तिकीट दिल्लीहून येत नाही, प्रायमरीतले, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या जूनमधल्या निवडणुकीतले, मतदार ते देतात. पक्षाचे सदस्य होणे म्हणजे फॉर्मवरचा एक चौकोन, ना वर्गणी ना पावती. कोणत्याच पक्षात नाव नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन यांपैकी एक निवडता येतो, मात्र मग तुमची नोंद त्या पक्षात होते. एकातून दुसऱ्यात जायचे असेल तर प्रायमरीच्या 55 दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो.

तिकीट मतदार देतात हे म्हणतानाही एक मेख आहे. काउंटीतल्या पक्षपुढाऱ्यांचा पाठिंबा असलेले उमेदवार मतपत्रिकेवर एका रांगेत, बाकीचे कुठेतरी कडेला, अशी मांडणी न्यू जर्सीत वर्षानुवर्षे चालली, आणि मतपत्रिका आखणारा काउंटी क्लर्कही पक्षाच्याच नावावर निवडून आलेला. वॉशिंग्टनच्या सेनेटसाठी उभे राहिलेले अँडी किम याविरुद्ध 2024 साली फेडरल कोर्टात गेले. जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ती रांग कोर्टाने बंद केली, आणि नोव्हेंबरात किम सेनेटर झाले. तेव्हा एका ओळीत सगळे भरून मोकळे होऊ नका, एकेक पद वाचा.

राष्ट्राध्यक्षासाठी सर्वांत कमी तयारी लागते. राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी नाही, राज्याराज्यांच्या इलेक्टरांच्या, म्हणजे प्रतिनिधींच्या, मतांनी निवडला जातो. तुमच्या मताने न्यू जर्सीचे 14 इलेक्टर ठरतात, देशाचे 538, जिंकायला 270. देशभरात जास्त मते मिळूनही हरता येते, हे 2016 साली हिलरी क्लिंटन यांच्या बाबतीत दिसले. न्यू जर्सीने 1988 नंतर रिपब्लिकन उमेदवाराला एकदाही कौल दिलेला नाही. मत जरूर द्या, पण सगळा अभ्यास त्याच रकान्यावर खर्च करू नका.

घरबसल्या टपाली मत द्यायचे तर कारण सांगावे लागत नाही. आतल्या पाकिटाला जोडलेला सर्टिफिकेटचा भाग फाडू नका, त्यावर सही करा, आणि पाकीट पोस्टापेक्षा काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका. एकदा टपाली मतपत्रिका मागवलीत की केंद्रावर यंत्र मिळणार नाही, तात्पुरती, म्हणजे तपासणीनंतरच मोजली जाणारी, मतपत्रिका मिळेल. नोव्हेंबरात मतदानाच्या मंगळवारच्या आधी नऊ दिवस ‘लवकर मतदान’ही असते. ज्यांची नोकरी न्यूयॉर्कला आहे त्यांनी तेच करावे. मंगळवारी केंद्रे सकाळी सहा ते रात्री आठ उघडी असतात, पण पेन स्टेशनवर गाडी अडकली तर आठ फार लवकर वाजतात.

आई-बाबांनी पन्नाशी-साठीनंतर मराठीतून परीक्षा देऊन सिटिझनशिप घेतली असेल आणि इंग्रजी वाचता येत नसेल, तर मदतीला त्यांच्या पसंतीचे माणूस आत नेता येते. फक्त ते त्यांचे मालक किंवा युनियनचे प्रतिनिधी नसावे. मुलगी चालते, सूनही चालते. उमेदवाराचे नाव असलेला टी-शर्ट किंवा बिल्ला मात्र घरी ठेवायला सांगा, केंद्राच्या शंभर फुटांत प्रचाराला बंदी आहे. आणि यादीत नाव सापडत नाही असे कोणी म्हटले तर परत फिरू नका, तात्पुरती मतपत्रिका मागा. तिच्यासोबतचा फॉर्म नीट भरून सही करा. काउंटीवाले नोंदणी तपासून मग ते मत मोजतात.