‘हँडल विथ केअर’ पाच जणांनी कसं बसवायचं

जॉर्ज हॅरिसन, जेफ लिन, रॉय ऑर्बिसन, बॉब डिलन आणि टॉम पेटी या पाच जणांच्या ट्रॅव्हलिंग विल्बरीज या रॉक गटाचं हे गाणं बसवताना आधी ठरवा, कुठला भाग कोण गाणार. एकाच गळ्यात ते फिकं वाटतं, कारण ते पाच जण एकत्र येऊनच जमलेलं आहे. एप्रिल १९८८ मध्ये जॉर्ज हॅरिसनला ‘दिस इज लव’च्या १२ इंची युरोपियन सिंगलच्या मागच्या बाजूसाठी एक गाणं हवं होतं. निर्माता जेफ लिन तेव्हा रॉय ऑर्बिसनबरोबरही काम करत होता, स्टुडिओ बॉब डिलनच्या मालिबूच्या घरी मिळाला, हॅरिसनची गिटार टॉम पेटीकडे होती म्हणून तोही आला. शीर्षक तर गॅरेजमधल्या खोक्यावरच्या ‘जपून हाताळा’ अशा लेबलवरून उचललेलं! वॉर्नर ब्रदर्सच्या मंडळींना गाणं मागच्या बाजूला वाया घालवणं पटेना. त्यातून अख्खा अल्बम झाला आणि ऑक्टोबरमध्ये हे गाणं सिंगल म्हणून आलं.

कडवी हॅरिसनची आहेत, ती बोलल्यासारखी गा. एकटेपणाच्या ओळी ऑर्बिसनसाठीच रचलेल्या, म्हणून तिथे सर्वांत उंच, मोकळा गळा हवा. त्यानंतरचा भाग डिलन-पेटीचा. तो थोडा खरबरीतच चांगला वाटतो.

मूळ पट्टी जी. ऑर्बिसनच्या ओळींत जी, जी ऑगमेंटेड (जीमधला पाचवा सूर अर्धा सूर चढवलेला), सी, डी असे कॉर्ड येतात. सगळी जादू चौथ्या तारेवर आहे (तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजायच्या). जीला ती मोकळी, ऑगमेंटेडला पहिल्या फ्रेटवर तर्जनी, सीला दुसऱ्या फ्रेटवर मधलं बोट. ऑगमेंटेडमध्ये सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, पाचवी दुसऱ्या, पहिली तिसऱ्या; दुसरी आणि तिसरी मोकळी. बहुतेक जण इथे घाईत साधा जीच वाजवतात, मग चढण नाहीशी होते आणि गायकालाही आधार उरत नाही. ही तार आधी एकटी, सावकाश वाजवा.

वरचा सूर लागत नसेल तर कॉर्ड बदलू नका. सगळ्या गिटारी एक पूर्ण सूर खाली लावा, म्हणजे बोटं तीच राहतात आणि पट्टी एफ होते. मात्र शेवटच्या हार्मोनिकासाठी मग जीऐवजी एफची हार्मोनिका लागेल. ही गोष्ट आयत्या वेळी लक्षात येते.

स्लाइड (बोटात घालून तारांवर सरकवायची नळी) वाजवताना नळी फ्रेटच्या धातूच्या दांडीच्या बरोबर वर धरा, दोन दांड्यांच्या मध्ये नाही. नळीच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकवली नाहीत तर खरखर ऐकू येते.