कुत्रा चावल्यावर या चुका टाळा, ओरखड्याला "काही नाही" म्हणू नका

मे महिन्यात गावी गेलेलो तेव्हा भाच्याच्या पोटरीला कुत्र्याच्या पिल्लाचे दात लागले, रक्ताचा जेमतेम एक टिपूस, आणि आम्ही नळाखाली पाय धरायच्या आत शेजारच्या काकूंनी मायेने हळद-चुना लिंपून मोकळं केलं. पहिली चूक तिथेच होते. हळद, चुना, मिरचीपूड, तेल, काहीच लावायचं नाही, त्याने जखम चिघळते आणि रेबीजचा विषाणू धुतला न जाता आतच राहतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली 15 मिनिटं घड्याळ लावून धुवायची, मग पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) असेल तर लावायचं आणि पट्टी न बांधता दवाखाना गाठायचा.

"पिल्लूच तर आहे", "घरचाच कुत्रा आहे, त्याला लस दिलीय" हे ऐकून थांबू नका, पिल्लालाही रेबीज होतो. मांजर आणि माकड चावलं तरी हेच. रक्त न येता नुसतं खरचटलं तरी लस लागते.

कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवा असं सांगतात ते खरं आहे, पण लोक त्याचा अर्थ 10 दिवस थांबून मग बघू असा घेतात. लस त्याच दिवशी सुरू करायची, 10 दिवसांनी कुत्रा ठणठणीत असला तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील. माणसात लक्षणं दिसायला साधारण 2-3 महिने लागतात, कधी आठवडाभरात दिसतात, कधी वर्ष जातं, आणि एकदा पाण्याची भीती वगैरे सुरू झाली की माणूस जवळपास वाचतच नाही. म्हणून महिना उलटून गेला असला तरी "आता काय उपयोग" न म्हणता जाच.

सगळ्यात जास्त राहून जातं ते सीरम, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन. दात कातडीच्या आत घुसले, रक्त आलं किंवा चिरलेल्या जागी कुत्र्याने चाटलं तर नुसती लस पुरत नाही, कारण लसीने शरीराची ताकद तयार व्हायला दिवस लागतात, तोवर जखमेतच सीरम भरून विषाणूला तिथेच अडवावं लागतं. आमच्याकडे एका दवाखान्यात हे कोणी बोललंच नाही, आम्हीच विचारलं तेव्हा मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. लहान केंद्रात सीरम नसलं तर लसीचा पहिला डोस तिथेच घ्या आणि सिव्हिलला निघा, पहिल्या डोसपासून 7 दिवसांपर्यंत सीरम देता येतं. जखम मोठी असली तर टाके घालायची घाई करू देऊ नका, घालावेच लागले तरी सीरमनंतर.

पोटात 14 इंजेक्शनं हा जुना काळ झाला. आता दंडात देतात, अगदी लहान बाळाला मांडीत, कमरेत मात्र कधीच नाही. कातडीत देत असतील तर 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत देत असतील तर 14 वा दिवसही धरायचा. गरोदर बाईलाही लस चालते, घाबरून टाळू नका. एखादी तारीख चुकली तर कोर्स सोडायचा नाही आणि पहिल्यापासूनही सुरू करायचा नाही, लगेच जाऊन पुढचा डोस घ्यायचा.

आणि केसपेपर जपून ठेवा, फोटो काढून ठेवा, कारण कोर्स पूर्ण झालेला असताना परत कधी कुत्रा चावलाच तर साधारण 2 डोसांत (0 आणि 3) भागतं, सीरम लागत नाही, फक्त कागद दाखवता आला पाहिजे.