फ्लिप्ड क्लासरूम : मागे पडलेल्या मुलांसाठी वापरताना या चुका टाळा

घरी व्हिडिओ पाहायचा आणि वर्गात गणितं सोडवायची, अशी फ्लिप्ड क्लासरूमची ओळख आहे. पण नववी-दहावीत मागे पडलेल्या मुलाला खरा आधार मिळतो तो वर्गात. तो अडतो त्या क्षणी शिक्षक शेजारी असतात. ही वेळ वाया घालवणाऱ्या काही चुका हमखास होतात.

न पाहिलेल्यांसाठी पुन्हा शिकवणं
सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दहा जण व्हिडिओ न पाहता आले म्हणून फळ्यावर सगळं पुन्हा घेतलं, की पाहून येणारेही आठवड्याभरात पाहणं सोडतात. न पाहिलेल्यांना मागच्या बाकावर शाळेचा टॅब द्या. व्हिडिओ पाहून, वहीत टिपण काढून ती मुलं गटात येतील. रागावू मात्र नका. सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत एकच फोन असतो. तो वडिलांबरोबर यंत्रमागाच्या पाळीवर जातो आणि रात्री परत येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असतो. शाळा भरण्याआधी अर्धा तास संगणक कक्ष उघडा ठेवला, तर ही अडचण बरीच सुटते.

अख्ख्या तासाचं रेकॉर्डिंग पाठवणं
सहा-सात मिनिटं, एकच संकल्पना. वर्गसमीकरणात अवयव पद्धत एका व्हिडिओत, सूत्र दुसऱ्यात. मध्ये दोनदा ‘थांबवा, वहीत सोडवा’ असं सांगा. ३६०पीमध्ये फाइल साधारण २०-३० एमबीची होते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी सहगुणक, स्थिरपद हे शब्द पडद्यावर लिहून दाखवा.

तासिकेची आखणी न करणं
३५ मिनिटांतली पहिली पाच एका प्रश्नाला द्या : गुणाकार २४ आणि बेरीज −१० असलेल्या दोन संख्या कोणत्या? उत्तरांवरूनच गट पडतात. −६ आणि −४ लिहिणारे सरावसंचाकडे जातील. ६ आणि ४ लिहिणाऱ्याला अवयव सापडतात, बेरजेचं चिन्ह सुटतं. −१२ आणि २ लिहिणाऱ्याची बेरीज बरोबर आहे, पण गुणाकार −२४ येतो. त्याची अडचण सातवीतल्या पूर्णांकांच्या गुणाकारात आहे. त्याला दहावीचाच व्हिडिओ पुन्हा दाखवून काही उपयोग नाही. सातवीचा भाग द्या. कोरा कागद देणाऱ्याबरोबर आधी २४च्या अवयवांच्या जोड्या लिहून काढा.

पुढची वीस मिनिटं शिक्षकांनी चुकलेल्यांच्या बाकावर बसायचं, फळ्याकडे जायचं नाही. उरलेल्या दहा मिनिटांत आकडे बदलून तोच प्रश्न द्या : गुणाकार १८, बेरीज −९. इथेही चुकलेल्यांची नावं वहीत टिपा. उद्याच्या तासाला आधी त्यांच्याच बाकाकडे जायचं आहे.

पाहण्याला गुण देणं
मुलं व्हिडिओ नुसता चालू ठेवतात. त्याऐवजी टिपणवही तपासा : तीन ओळी आणि स्वतःची एक शंका.