वेल्सला लंडनहून येणाऱ्या पैशाचा हिशोब संसदेत कसा तपासतात, आणि आपलं म्हणणं तिथपर्यंत कसं पोचवायचं

कार्डिफ, स्वान्झी, न्यूपोर्टला राहायला आलेल्या आपल्या लोकांकडून एक प्रश्न हमखास येतो. हॉस्पिटलची वेटिंग लिस्ट लांबली की वेल्सचं सरकार म्हणतं लंडनहून पैसे कमी आले, लंडनवाले म्हणतात आम्ही भरपूर दिले, मग खरं कोणाचं? मी पण पहिली दोन वर्षं फक्त बातम्या वाचून मत बनवायचे, नंतर मूळ कागद उघडायला लागले आणि कळलं की हे तपासायला अकाउंटंट असायची काही गरज नाही, कुठला कागद कधी उघडायचा एवढं माहीत असलं की पुरतं. तेच इथं लिहितेय.

आधी पाया. भारतात केंद्राकडून राज्यांना करातला वाटा किती हे घटनेच्या २८० व्या कलमाखालचा वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या आयोगाने ४१ टक्के सांगितले, लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, उत्पन्नातल्या तफावतीला ४५ असं प्रत्येक निकषाचं वजन छापलं, महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के आले, पटो न पटो पण सगळं कागदावर आहे. ब्रिटनमध्ये असा आयोगच नाहीये. इथं चालतं बार्नेट सूत्र, म्हणजे इंग्लंडमधला खर्च बदलला की वेल्स, स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंडला मिळणारे पैसे किती बदलायचे ते ठरवणारं गणित, जोएल बार्नेट ट्रेझरीचे (म्हणजे ब्रिटनच्या अर्थखात्याचे) चीफ सेक्रेटरी असताना १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेलं. ते कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, ट्रेझरीची पद्धत म्हणून चालतंय. २००९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या खास समितीने सांगितलं की हे बदला आणि गरजेनुसार पैसे द्या, खुद्द बार्नेट पण नंतर तेच म्हणायला लागले, तरी सूत्र आहे तिथंच आहे. आणि कायद्यात नाही म्हणूनच संसदेतली तपासणी इतकी महत्त्वाची, कारण कोर्टात जाऊन भांडण्यासारखं फारसं काही हातात नसतं, समितीसमोर मंत्र्याला बसवून विचारणं हाच काय तो मार्ग.

पहिलं काम, स्वतः एक गणित सोडवा. कागद पेन घ्या, खरंच घ्या. इंग्लंडमध्ये शाळांवर सरकारने समजा १ बिलियन पौंड म्हणजे १००० मिलियन वाढवले. शिक्षण पूर्णपणे वेल्स सरकारच्या हातात, म्हणून तुलनेचा टक्का (इंग्रजीत कम्पॅरॅबिलिटी, म्हणजे तसल्या खर्चाचा किती भाग वेल्स सरकारकडे सोपवलेला आहे) १००. वेल्सची लोकसंख्या इंग्लंडच्या साधारण ५.६ टक्के. १००० चे ५.६ टक्के म्हणजे ५६ मिलियन. त्यावर २०१६ च्या करारानुसार वेल्सला गरजेपोटी ५ टक्के जादा मिळतात, म्हणजे ५८.८ मिलियन. झालं, एवढंच आहे सूत्र. लक्षात ठेवायची गोष्ट ही की सूत्र फक्त वाढ किंवा कपात मोजतं, मूळ रक्कम आधीपासून चालत आलेली असते, आणि मिळालेले ५८.८ मिलियन शाळांवरच खर्च करायचं बंधन वेल्सवर नसतं. बातमीत "शिक्षणासाठी वेल्सला इतके मिळाले" असं वाचलं की म्हणूनच सावध व्हायचं.

आता तेच गणित वाहतुकीचं करा, कारण खरी गोम इथं आहे.

ट्रेझरी दर स्पेंडिंग रिव्ह्यूबरोबर, म्हणजे खात्यांचं पुढच्या काही वर्षांचं बजेट ठरवते तेव्हा, एक दस्तऐवज काढते, स्टेटमेंट ऑफ फंडिंग पॉलिसी. गव्ह डॉट यूके वर फुकट मिळतो. पुढची पानं चाळून सोडा आणि सरळ शेवटच्या तक्त्यांकडे जा. तिथं इंग्लंडच्या एकेका खात्याच्या एकेका कार्यक्रमासमोर स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंड अशा तीन रकान्यांत टक्के दिलेले असतात. त्यात एचएस टू ची ओळ शोधा, म्हणजे लंडनहून बर्मिंगहॅमला जाणारी हायस्पीड रेल्वे. स्कॉटलंडसमोर १००, नॉर्दर्न आयर्लंडसमोर १००, वेल्ससमोर ०. ती रेल्वे वेल्समधून एक मैलही जात नाही, तरी शून्य, कारण वेल्समधल्या बहुतेक रुळांची मालकी आणि खर्च अजून लंडनच्या हातात आहे म्हणून तिला "इंग्लंड आणि वेल्स"चा प्रकल्प धरलंय. स्कॉटलंडकडे रेल्वे सोपवलेली आहे म्हणून त्यांना वाटा मिळतो. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा तीन वेळा बोट ठेवून रकाना तपासला, वाटलं आपणच चुकीच्या ओळीवर आलोय.

याचा परिणाम पुढं कुठं दिसतो ते पहा. स्पेंडिंग रिव्ह्यूच्या वेळी ट्रेझरी एकेक कार्यक्रम बघत नाही, अख्ख्या खात्याचा एक सरासरी टक्का लावते. वाहतूक खात्यात एचएस टू आणि नेटवर्क रेलचा (रूळ सांभाळणारी सरकारी कंपनी) खर्च फुगत गेला तसा वेल्सचा टक्का घसरला, २०१५ ला ८० च्या घरात होता तो २०२० ला ३६ च्या घरात आला. म्हणजे रिव्ह्यूमध्ये इंग्लंडच्या वाहतुकीवर, अगदी बसवर किंवा रस्त्यांवरसुद्धा, १००० मिलियन वाढले तर आधी वेल्सला साधारण ४५ च्या पुढं मिळायचे ते २०२० च्या टक्क्याने २१ च्या आसपास. बसच्या पैशाचा रेल्वेशी काय संबंध असं कुणीही विचारेल, आणि विचारलंच पाहिजे. हा एक टक्का वाचता आला की निम्मं काम झालं असं मी म्हणेन.

दुसरा कागद म्हणजे एस्टिमेट्स, सरकारने संसदेकडे मागितलेल्या पैशाची यादी. मुख्य यादी साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर येते, पुरवणी फेब्रुवारीत, आपल्याकडच्या पुरवणी मागण्यांसारखंच. वेल्सला जाणारी अख्खी ग्रँट वेल्स ऑफिसच्या (हे लंडन सरकारचं वेल्ससाठीचं खातं, वेल्स सरकार नव्हे) यादीत असते, त्यांचा स्वतःचा ऑफिसखर्च काही मिलियन आणि ग्रँट बिलियनमध्ये. यादीसोबत समितीसाठी एक मेमोरँडम असतो, तो आधी वाचा, त्यात मागच्या वेळेपेक्षा आकडा का बदलला ते साध्या भाषेत असतं. त्याच्या जोडीला ट्रेझरीचं ब्लॉक ग्रँट ट्रान्सपरन्सी ठेवा, त्यात कुठल्या निर्णयाने किती पैसे वाढले ते ओळीने सापडतं. आणि हे पण माहीत असू द्या की खासदार या यादीतली रक्कम कमी करायची सूचना मांडू शकतात, वाढवायची नाही. म्हणून चर्चेत "वेल्सला जास्त द्या" अशी भाषणं झाली तरी मतदानातून तसं काही होत नाही, खरं काम समितीतच होतं.

पुरवणी यादी महत्त्वाची का ते २०२०-२१ ने दाखवलं. वर्ष संपता संपता पैसे आले, वेल्सला पुढच्या वर्षात किती नेता येतील यावर मर्यादा, तेव्हा ती ३५० मिलियनची होती, ट्रेझरी सवलत द्यायला तयार झाली नाही आणि जवळपास १५५ मिलियन पौंड हातचे गेले. त्यात वेल्स सरकारचं नियोजन किती चुकलं आणि ट्रेझरी किती अडून बसली यावर सेनेडच्या (म्हणजे कार्डिफमधल्या वेल्सच्या संसदेच्या) समितीने नंतर बराच कीस काढला. दोन्हीकडची उत्तरं वाचा, एकाच बाजूची वाचून रागावू नका.

आता समिती. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे लंडनच्या संसदेत, वेल्श अफेअर्स कमिटी आहे, तशाच स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडसाठी आहेत, आणि कार्डिफच्या सेनेडमध्ये वेगळी फायनान्स कमिटी. गोंधळ इथंच होतो. लंडनहून पैसे किती आणि कुठल्या नियमाने आले हा प्रश्न वेस्टमिन्स्टरच्या समितीचा, आलेले पैसे कुठं गेले हा सेनेडच्या समितीचा. हॉस्पिटलबद्दलची तक्रार वेस्टमिन्स्टरला पाठवली तर ती वाया जाते.

समितीच्या पानावर चालू चौकश्या दिसतात, त्यात "लेखी पुरावा मागवत आहोत" असं असेल आणि मुदत उरली असेल तर कुणीही पाठवू शकतं, तुम्ही तिथले नागरिक असायची अट नाही. मजकूर ३००० शब्दांच्या आत ठेवा, परिच्छेदांना नंबर द्या, चौकशीचे प्रश्न दिलेले असतात त्यातल्या ज्यावर खरंच सांगण्यासारखं आहे तेवढ्यांवरच लिहा. कोर्टात चालू असलेलं प्रकरण त्यात आणू नका. घरचा पत्ता, फोन मजकुरात टाकू नका, कारण तो नावासकट छापला जाऊ शकतो, आणि एकदा समितीने स्वीकारला की तो त्यांचा होतो, परवानगीशिवाय दुसरीकडे छापायचा नाही.

लिहायचं कसं ते एका उदाहरणाने सांगते. "वेल्सवर रेल्वेच्या बाबतीत कायम अन्याय होतो" हे वाक्य खरं वाटलं तरी समितीला त्याचा उपयोग शून्य, कारण ते त्यांनी शंभरदा ऐकलंय. त्याऐवजी असं लिहा: "मी रोज स्वान्झीहून कार्डिफला कामाला जाते. या मार्गाचं विद्युतीकरण जुलै २०१७ मध्ये रद्द झालं. एचएस टू ला वेल्ससाठी ० टक्के धरल्यामुळे वाहतूक खात्याचा एकूण टक्का खाली आला. समितीने ट्रेझरीला विचारावं की पुढच्या स्टेटमेंटमध्ये हा प्रकल्प फक्त इंग्लंडचा धरला तर वेल्सचा वाहतुकीचा टक्का किती होईल." चार वाक्यं, त्यात तुमचा अनुभव आहे, तारीख आहे, नेमकी ओळ आहे आणि मंत्र्याला विचारता येईल असा प्रश्न आहे. क्लार्क लोक प्रश्नांची यादी बनवतात तेव्हा त्यांना असंच काहीतरी हवं असतं.

साक्षी पार्लमेंटलाइव्ह डॉट टीव्हीवर बघता येतात, नंतर लेखी उतारापण येतो. दोन तास बघायला वेळ नसेल तर उताऱ्यात "कम्पॅरॅबिलिटी" हा शब्द शोधा, बहुतेक वेळा नेमकी जागा सापडते. मंत्री आकडा विचारल्यावर "एकूण विक्रमी निधी दिलाय" म्हणाले तर प्रश्न टक्क्याचा होता आणि उत्तर एकूण रकमेचं आलं, हे टिपून ठेवा.

अहवाल आला की सरकारने साधारण दोन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर अहवालाशेजारी उघडून शिफारशीगणिक ताडून पहा. जुलै २०२१ मध्ये वेल्श अफेअर्स कमिटीने एचएस टू फक्त इंग्लंडचा धरा अशी शिफारस केली, आणि तेव्हा समितीत सत्ताधारी पक्षाचंच बहुमत होतं, तरी सरकारने ती मानली नाही. जून २०२५ च्या स्पेंडिंग रिव्ह्यूमध्ये वेल्सच्या रेल्वेसाठी दहा वर्षांत किमान ४४५ मिलियन पौंड जाहीर झाले, ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती वेगळी घोषणा, सूत्रातला वाटा नव्हे. दोन्ही एकत्र मिसळू देऊ नका, कारण घोषणा पुढचं सरकार बदलू शकतं.

समितीची मुदत टळली असेल तर आपल्या खासदाराला लिहा. भारतीय पासपोर्टवर इथं कायदेशीर राहणाऱ्यांना कॉमनवेल्थ नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, सेनेडच्या पण, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी मतदार यादीत नावच घातलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. आधी नाव घाला. मग पत्रात एकच विनंती करा, अमुक आकडा मिळावा म्हणून ट्रेझरीला लेखी प्रश्न टाका. तो प्रश्न जसाच्या तसा टाकता येईल असा लिहून द्या, उत्तर हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत नोंदीत, राहतं आणि पुढच्या चौकशीत तेच उत्तर तुम्हाला पुरावा म्हणून जोडता येतं.